माझ्या पाठीमागच्या कपाटातली ४७ पुस्तकं



आपले व्हिडिओ बघत असाल तर माझ्या पाठीमागचं लाकडी कपाट तुमच्या ओळखीचं असेल. तीन फळ्या, त्यावर ओळीने पुस्तकं, बाजूला कॅल्क्युलेटर आणि एक मनी प्लांट. सुरुवातीला कुणीतरी म्हणालं होतं की मागे पुस्तकं दिसली की माणूस जाणकार वाटतो. ते खरं निघालं. लोक मला 'सर' म्हणायला लागले ते त्या कपाटानंतर.

डिसेंबर २०२३ मध्ये सूरजागडच्या पायथ्याकडच्या एका गावातून बचत गटाच्या चार ताई दुकानात आल्या. पिठाच्या गिरणीचा हिशेब कसा मांडायचा हे शिकायचं होतं. शिकून झालं, चहा झाला. त्यातल्या सगळ्यात लहान ताईने कपाटाकडे बघून सहज विचारलं, "सर, हे सगळे पुस्तकं तुम्ही वाचले का जी?"

मी म्हणालो, "बरीचशी."

त्या गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि मोजायला बसलो. एकूण ६१ पुस्तकं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली १४. उरलेल्या ४७ पैकी काहींचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. आमच्या रस्त्यावरून खाणीचे ट्रक जातात, त्यामुळे सगळ्यांवर लाल धुळीचा थर मात्र सारखाच होता, वाचलेल्यांवर आणि न वाचलेल्यांवर.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आता तुम्हाला मी काय शिकवतो? सहा महिने जो माल जागचा हलला नाही, तो डेड स्टॉक. त्यात पैसा अडकतो, जागा अडकते आणि दुकान भरलेलं आहे असा खोटा दिलासा मिळतो. तोच नियम मी स्वतःला लावला. ४७ पुस्तकं, सरासरी २४० रुपये धरले तर ११ हजारांच्या वर रक्कम. तेवढ्यात शाळा सुरू होतानाचा वह्यांचा पहिला लॉट आला असता. सगळ्यात जुनं पुस्तक बीबीएच्या शेवटच्या वर्षातलं. म्हणजे दहा वर्षांहून जास्त 'स्टॉकमध्ये' आणि विक्री शून्य.

एवढी पुस्तकं घेतली कशी, तर आपण सगळे घेतो तशीच. चंद्रपूरला प्रदर्शन लागलं की पाच, नागपूरला माल आणायला गेलो की दोन, रात्री मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकलं की लगेच एक ऑर्डर. पुस्तक विकत घेतलं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. हा फार गोड भ्रम आहे. कोर्सचे पैसे भरणारे, नवीन रजिस्टर आणणारे, दुकान सुरू व्हायच्या आधी व्हिजिटिंग कार्ड छापणारे आपण सगळे याच आजाराचे. जपानी भाषेत म्हणे पुस्तकं आणून न वाचता रचून ठेवण्याला 'त्सुंदोकु' असा खास शब्दच आहे. आपल्याकडे शब्द नाही, पण कपाटं आहेत.

२०२४ साल मी याच्यासाठी दिलं. जानेवारीच्या सुरुवातीला सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा असते, त्या दिवसांत दुकानातून मान वर होत नाही. यात्रा संपली त्या आठवड्यात पहिला नियम केला: वर्षभर नवीन खरेदी बंद. मग प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहिलं की कधी घेतलं आणि का घेतलं. 'का' लिहिताना लाज वाटली. अकरा पुस्तकांपुढे काहीच सुचलं नाही. ती सरळ काढली आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना देऊन टाकली. डेड स्टॉक काढताना खरेदीची किंमत बघायची नसते हे मी दहा वेळा शिकवलंय, पण स्वतःचा हात थरथरला.

उरली ३६. सरासरी २२० पानं धरली तर दिवसाला २२ पानं. कागदावर अगदी सोपं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतंच, तेव्हा वाचायचं ठरलं.

मार्च संपला तेव्हा चार झाली होती. एप्रिल-मेमध्ये मोहफूल, तेंदूपत्ता, लग्नसराई. लोकांच्या हातात वर्षाचा पैसा याच दिवसांत येतो, आणि आपल्याही गल्ल्यात. त्या दोन महिन्यांत एकही पुस्तक उघडलं नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. हंगामात दुकान सोडून पुस्तक वाचणारा दुकानदार मला तरी शहाणा वाटणार नाही. टार्गेट वर्षाचं ठेवा, रोजचं नको. निदान आमच्या भागात तरी नको, जिथे महिना महिन्यासारखा नसतो.

मग पावसाळा लागला. नाले भरले, भामरागडकडचा रस्ता बंद, लाईट दोन-दोन दिवस गायब. गिऱ्हाईक नाही, नेटवर्क नाही, त्यामुळे व्हिडिओपण नाही. टॉर्च लावून त्या तीन महिन्यांत १३ पुस्तकं वाचली. जुलैच्या एका रात्री हातात आलं सॅम वॉल्टनचं 'मेड इन अमेरिका'. वॉलमार्ट उभी करणारा तोच हा माणूस. पुस्तक १९९२ चं, आणि मी पेन्सिलने लिहिलं होतं: '२०१९, नागपूर, रिटेल शिकायला.'

इथे थोडं थांबून मागचं सांगावं लागेल.

माझं पहिलं दुकान आताच्या जागेवर नव्हतं. मोक्याच्या जागी होतं, कोपऱ्यावर. २०२१ मध्ये खाणीचं काम परत जोरात सुरू झालं. ट्रक वाढले, ड्रायव्हर-मेकॅनिक वाढले आणि रस्त्यालगतच्या गाळ्यांना भाव आला. मार्च २०२२ मध्ये जागामालक म्हणाले, पुढच्या महिन्यात गाळा मोकळा कर, दुसरा माणूस दुप्पट भाडं देतोय. माझा करार अकरा महिन्यांचा, तोही संपून गेलेला. नूतनीकरणाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. ३८ हजारांचं फर्निचर त्या गाळ्याच्या मापाने केलं होतं, ते अर्ध्यात निघालं. चार वर्षांत जोडलेलं गिऱ्हाईक नव्या जागी यायला वर्ष गेलं. बायकोने तिच्या बांगड्या गहाण ठेवल्या. हे मी चॅनेलवर कधी बोललो नाही. तिथे मी सांगितलं, 'आपण मोठ्या जागेत शिफ्ट होतोय!'

आता वॉल्टनचं ऐका. १९४५ साल, वय २७. अर्कान्सा राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या लहान गावात त्याने पहिलं दुकान घेतलं. स्वतःचे ५ हजार डॉलर, सासऱ्यांकडून उसने २० हजार. दुकानाची वर्षाची विक्री होती ७२ हजार डॉलर. पाच वर्षांत त्याने ती अडीच लाखांवर नेली. मग भाडेकरार संपला. करारात नूतनीकरणाचा हक्क लिहिलेलाच नव्हता. सही करताना त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. वर भाडं विक्रीच्या ५ टक्के, त्या धंद्यात कुणी ऐकलं नव्हतं एवढं. चालतं दुकान मालकाला स्वतःच्या मुलासाठी हवं होतं, त्याने करार वाढवून द्यायला नकार दिला. वॉल्टनला गाव सोडावं लागलं. पुढे बेंटनव्हिल गावात दुकान घेताना शेजारच्या न्हाव्याच्या गाळ्याचा करार किती वर्षांचा केला असेल? ९९ वर्षांचा.

मी टॉर्च बंद करून अंधारात बसलो. हे पान २०१९ पासून माझ्या डोक्यामागे, हातभर अंतरावर होतं.

तेव्हाच वाचलं असतं तर दुकान वाचलं असतं का? छातीठोकपणे सांगता येत नाही. वाचूनही विसरलो असतो कदाचित. मालकाने तसा करार दिलाच नसता, हेही शक्य आहे. पण निदान मागितला तरी असता.

आता यापेक्षा वाईट गोष्ट. २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, मी एक व्हिडिओ केला होता: 'सॅम वॉल्टनचे १० नियम'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो बघितलाय, कॉमेंटमध्ये 'भारी सर' लिहिलंय. तो मी पुस्तक वाचून केला नव्हता. एका नऊ मिनिटांच्या इंग्रजी व्हिडिओवरून केला होता. ते दहा नियम पुस्तकात खरंच आहेत, पण शेवटाकडे. धंद्याशी बांधिलकी ठेवा, नफा सहकाऱ्यांबरोबर वाटून घ्या, कंपनीतल्या प्रत्येकाचं ऐका. चूक त्यात काहीच नाही. भाडेकराराची गोष्ट मात्र सुरुवातीच्या प्रकरणात आहे आणि त्या दहा नियमांत ती नाही. सारांश करणारा माणूस सगळ्यांना लागू पडेल तेवढंच उचलतो. एटापल्लीतल्या गाळ्यात बसलेल्या माणसाला नेमकं काय लागणार आहे हे त्याला कसं कळावं? मलाही कळलं नव्हतं, आणि मी तर त्याच गाळ्यात बसलो होतो.

तो व्हिडिओ मी काढलेला नाही. त्याखाली पहिली कॉमेंट माझीच आहे आता, सगळं कबूल करून.

त्याच ऑगस्टमध्ये नव्या गाळ्याचा करार संपत होता. या वेळी वकिलांकडे गेलो. पाच वर्षांची मुदत, संपल्यावर पहिला हक्क माझा, दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार तो आकडा, गाळा सोडायला लावायचा तर तीन महिन्यांची लेखी नोटीस, आणि मी केलेल्या फर्निचरचं काय. सगळं लिहून, नोंदणी करून घेतलं. जागामालक काका थोडे नाराज झाले. "काऊन, माझ्यावर भरोसा नाही का?"

"तुमच्यावर आहे काका. पण उद्या व्यवहार तुमच्या पोरांशी असेल, ते मला कुठे ओळखतात?"

काका हसले आणि सही केली. खर्च सगळा मला पडला, तो असो.

ढिगातलं आणखी एक पुस्तक सांगतो, कारण ते आपल्याच जिल्ह्याचं आहे. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची'. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हे गाव. त्याचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि म्हणूनच पुस्तक वाचायची गरज वाटली नव्हती. २००९ मध्ये या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. म्हणजे माल विकायचा अधिकार गावाचा. धंद्याच्या नजरेने बघा, ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण मला धरून ठेवलं ते त्याआधीच्या भागाने. त्या गावात अभ्यास गट होते. लोक एकत्र बसून विषय समजून घ्यायचे, चर्चा करायचे. निर्णय तिथे व्हायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीने. समजून घेणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. आपण व्हिडिओ संपायच्या आत ठरवून मोकळे होतो.

ऑक्टोबरपासून आम्हीही बसायला लागलो, दर रविवारी दुपारी, माझ्या दुकानात. मी, शेजारचा वेल्डिंगवाला भाऊ, एक चिकन सेंटरवाला आणि त्या गिरणीवाल्या ताई. पहिल्या रविवारी मी हौसेने एक जाड पुस्तक काढलं. वीस मिनिटांत सगळे जांभया द्यायला लागले. वेल्डिंगवाला म्हणाला, "भाऊ, माझा कागद वाचू ना आधी." त्याने खिशातून त्याच्या शेडचा भाडेकरार काढला, घडीवर फाटलेला. मोठ्याने वाचला. दोन वर्षांपूर्वी सही केली होती, वाचत होता पहिल्यांदा. नोटिशीची मुदत होती पंधरा दिवस.

मग कळलं की न वाचलेला खरा ढीग कपाटात नव्हताच. तो गल्ल्याखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. भाडेकरार, बँकेचं कर्ज मंजुरीपत्र, विम्याची पॉलिसी, डिस्ट्रिब्युटरने सही घेतलेल्या अटी. प्रत्येकाकडे ती पिशवी निघाली. माझ्याही पिशवीत दुकानाच्या आगीच्या विम्याचा कागद होता. पावसाचं पाणी शिरून माल भिजला तर काय, हे त्यात कुठे लिहिलंय ते शोधायला आम्हाला दोन रविवार लागले.

हिशेब सांगायचा राहिला. वर्षाअखेर ३६ पैकी २२ पूर्ण वाचून झाली. आठ अर्ध्यात सोडली आणि ती परत उघडणार नाही. अर्धं सोडायला शिकलो हाही मला फायदाच वाटतो. सहा शिल्लक आहेत. कपाट आता निम्मं रिकामं दिसतं. एका प्रेक्षकाने विचारलंच, "सर, पुस्तकं विकली की काय?"

या रविवारी लहान ताई गिरणीच्या मुद्रा कर्जाचं मंजुरीपत्र घेऊन येणार आहे. सात पानं आहेत, त्यातली पाच इंग्रजीत. डिक्शनरी मी काढून ठेवली आहे.