रेंज पाहावी वाडीत, दर पाहावा दिवसाचा

जयगडच्या धक्क्यावर तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत माणसे बसलेली असतात. त्यांच्याकडे नीट पाहिले की एक गंमत दिसते. एकाच बाकावर चौघे असतात. एकाचे मुंबईशी मोकळेपणी बोलणे चाललेले असते. दुसरा फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" करीत धक्क्याच्या टोकापर्यंत जातो. तिसरा नुसताच फोनकडे पाहत राहतो. चौथा म्हणतो, "सायब, चांगली कंपनी कुठली ता एकदा सांगून टाका."

हा प्रश्न मला आंब्याच्या तुडतुड्यांइतकाच नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तरही तुडतुड्यांसारखेच आहे. बाग पाहिल्याशिवाय फवारणी सांगू नये, आणि वाडी पाहिल्याशिवाय कंपनी सांगू नये.

फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वाशीच्या बाजारातला पेटीचा भाव रात्री फोनवरच कळतो. पी.एम. किसानची ई-केवायसी, बँकेचा व्यवहार, शेतकरी ओळख क्रमांक या सगळ्यांसाठी लागणारा ओटीपी फोनवरच येतो. वादळाचा इशाराही फोनवर येतो, आणि रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर 108 ची गाडी फोन करूनच बोलवावी लागते. म्हणून फोनची कंपनी निवडताना बियाणे निवडतो तितकीच काळजी घ्यावी.

एका आजींची गोष्ट

आमच्या भागातल्या एका वाडीत एक आजी एकट्या राहतात. मुलगा मुंबईला. आजींना फोन करता येत नाही, आलेला घेता येतो. मुलगा तिकडून रिचार्ज भरायचा. एका पावसाळ्यात त्याची नोकरी सुटली आणि रिचार्ज राहून गेला. फोन आधी मुका झाला आणि काही महिन्यांनी नंबरच गेला. आजींना वाटले, फोन बिघडला. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला.

पुढे बँकेच्या कामासाठी त्या तालुक्याला गेल्या. तिथे कळले की संदेश जुन्याच नंबरवर जातो, आणि तो नंबर आता कोणा परक्याकडे आहे. नंबर बदलून घेण्यासाठी त्यांना तीन खेपा घालाव्या लागल्या. प्रत्येक खेपेला एस.टी.चे भाडे आणि बुडालेला दिवस. रिचार्ज चुकला होता थोड्या रुपयांचा, आणि नुकसान झाले त्याच्या कितीतरी पट.

रेंज कशी पाहावी?

आपण मातीचा नमुना घेतो तेव्हा बांधाजवळची एकच मूठ उचलत नाही. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घेतो. रेंजची परीक्षाही तशीच करावी. फरक इतकाच, की मातीचे नमुने एकत्र मिसळतात, हे नमुने मात्र वेगवेगळे ठेवायचे.

आपल्याकडे आज चार कंपन्या आहेत: जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि सरकारी बी.एस.एन.एल. शेजारीपाजारी या चारींचे फोन मिळतात. ते घटकाभर मागून घ्यावेत आणि पुढील जागी प्रत्येकावरून दोन मिनिटांचा फोन लावून पाहावा:

1. घराचे माजघर आणि पडवी
2. आंब्या-काजूची बाग, विशेषतः राखणीची खोप
3. खाडीकाठ किंवा धक्का
4. ज्या रस्त्याने रात्री दवाखान्यात जावे लागते तो रस्ता

फोन लागला का, आवाज तुटला का, हे कागदावर लिहून ठेवावे. सकाळी, भर दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास, अशी तीन वेळा पाहणी करावी. नुसत्या रेघा मोजून भागत नाही. रेघा भरलेल्या असतात आणि फोन लागत नाही, असे पुष्कळदा होते. टॉवरवर एकाच वेळी फार माणसे आली की असे घडते. गणपतीत चाकरमानी गावी आले की याचा अनुभव प्रत्येक वाडीला येतो. म्हणून गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस हे रेंजच्या खऱ्या परीक्षेचे दिवस समजावेत.

कोकणात ही पाहणी जास्तच गरजेची आहे. रेडिओची लहर सरळ जाऊ पाहते. सड्यावर उभे राहिले की टॉवर दिसतो, फोन चालतो. तेच घाटीने खाली वाडीत उतरले की मध्ये डोंगर येतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंती लहर अडवतात. पत्र्याचे छप्पर तर ती परतवूनच लावते. म्हणून घरात फोन लागत नसेल तर कंपनी बदलण्याआधी टॉवरच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन पाहावे. कमी कंपनसंख्येची लहर, म्हणजे 700, 850 किंवा 900 मेगाहर्ट्झची, लांब जाते आणि भिंतीतूनही बरी शिरते. 2300 मेगाहर्ट्झची लहर जास्त माहिती वाहून नेते, पण तिचा पल्ला कमी असतो. त्यामुळे बाजारपेठेत वेगवान वाटणारी कंपनी वाडीत लंगडी पडू शकते.

कंपन्यांनी आता आपापल्या रेंजचे नकाशे इंटरनेटवर दिले आहेत. ते जरूर पाहावेत. पण नकाशात गाव रंगवलेले असते, आपले माजघर नसते.

हँडसेट कोणता आहे?

हे आधी विचारले पाहिजे आणि नेमके हेच विसरले जाते. जिओची सेवा 2016 साली सुरू झाली तीच 4जी वर. जुन्या 2जी बटणाच्या फोनवर ती चालत नाही. तिला 4जी चालणारा संच लागतो, मग तो बटणाचा का असेना. एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बी.एस.एन.एल. यांचे 2जी अजून चालू आहे, म्हणून आजोबांचा जुना संच त्यांच्यावर चालतो. बी.एस.एन.एल.च्या देशी बनावटीच्या 4जी चे देशभरचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले. ते आपल्या जवळच्या टॉवरवर चालू झाले आहे का, हे शेजाऱ्याच्या फोनवरच पाहावे.

दर कसा काढावा?

युरियाची गोणी घेताना आपण नत्राचा हिशेब करतो. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम नत्र. रिचार्जचाही असाच हिशेब करावा. पॅकची किंमत भागिले दिवस. जो आकडा येईल तो खरा दर.

येथे मुद्दाम काल्पनिक आकडे घेतो, कारण कंपन्यांचे दर बदलत राहतात. जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकदम दर वाढवले, हे सर्वांना आठवत असेल.

28 दिवसांचा पॅक 200 रुपये: दिवसाला 7 रुपये 14 पैसे.
84 दिवसांचा पॅक 510 रुपये: दिवसाला 6 रुपये 7 पैसे.
365 दिवसांचा पॅक 1,900 रुपये: दिवसाला 5 रुपये 21 पैसे.

28 दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे 13 पॅक लागतात. 200 रुपयांप्रमाणे 2,600 रुपये होतात. वर्षाचा पॅक 1,900 चा असेल तर 700 रुपये वाचले. आपल्याकडे पैसा आंब्याच्या हंगामात हातात येतो. मे-जूनमध्ये आंब्याची पट्टी आली की वर्षाचा रिचार्ज एकदम भरून टाकावा. पावसाळ्यातल्या कोरड्या हाताची चिंता उरत नाही. मात्र आधी एक महिन्याचा लहान पॅक घेऊन रेंज पारखावी. न पारखता वर्षाचे पैसे गुंतवू नयेत.

दुसरी गोष्ट. रोजचा दीड-दोन जीबी डेटा कितीजण वापरतात? जो डेटा त्या दिवशी वापरला नाही तो बहुतेक पॅकमध्ये रात्री बारा वाजता संपतो. ज्यांना फक्त बोलायचे आहे त्यांनी फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक मागावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर 2024 मध्ये असे पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. दुकानदार आपणहून तो दाखवीलच असे नाही. आपण मागावा.

नंबर जाऊ नये म्हणून

90 दिवस फोनचा काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो. मूळ खात्यात किमान 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून 30 दिवसांची मुदत वाढावी, असा ट्रायचा नियम आहे. ही शिल्लक पॅकपेक्षा वेगळी असते, हे लक्षात ठेवावे. म्हणून प्रत्येक नंबरवर थोडी मूळ शिल्लक नेहमी असू द्यावी.

कंपनी बदलायची तर

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी 2011 पासून आहे. PORT हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि तो संदेश 1900 वर पाठवावा. उत्तरात आठ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. आपल्याच मंडलात कामकाजाचे तीन दिवस लागतात. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावेत. सिम हरवून नवे घेतले असेल तर सात दिवस थांबावे लागते. जुन्या खात्यातली शिल्लक पुढे जात नाही. ती आधी संपवावी. हा क्रमांक फोनवर कोणालाही सांगू नये. आणि ऐन आंब्याच्या तोडणीत हा उद्योग करू नये.

वादळाचा धडा

जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने उत्तर रत्नागिरीत वीज गेली, टॉवर बंद पडले आणि गावेच्या गावे मुकी झाली. म्हणून घरात दोन फोन असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांचे ठेवावेत. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. पुष्कळदा एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे बसवलेली असतात. त्या टॉवरची वीज गेली की सगळ्याच बंद. शक्य तर ज्यांचे टॉवर वेगळे आहेत अशा कंपन्या घ्याव्यात. वादळाचा इशारा आला की फोन भरून चार्ज करावा आणि चार महत्त्वाचे नंबर कागदावर उतरवून ठेवावेत. मच्छीमार बंधूंनी समुद्रात मोबाइलवर विसंबू नये. किनारा दूर गेला की रेंज जाते. तिथे व्हीएचएफ संचच खरा.

त्या आजींकडे परवा गेलो होतो. आता त्यांनी फक्त बोलण्याचा वर्षाचा पॅक घेतला आहे. शेजारच्या मुलीने सगळ्या फोनांवरून परीक्षा करून कंपनी ठरवली. चुलीजवळच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यात रिचार्ज संपण्याच्या आठ दिवस आधीच्या तारखेला शेंदराचे बोट उमटवलेले दिसले. मी विचारले, "आजी, हे काय?" त्या म्हणाल्या, "एकादशी चुकली तर देव समजून घेईल रे. ही तारीख चुकून चालायची नाय."

आपल्याही घरच्या कॅलेंडरवर असे एक बोट आजच उमटवून ठेवावे.