लहान दुकानदाराचा कर आणि संसदेंतील दोन बाजू

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं संग्रामपूर तालुका वसलेला आहे. डोंगरापलीकडे मध्य प्रदेशाची हद्द लागते. १९५६ पूर्वीं येथें राज्याची हद्द नव्हती. अलीकडचें वऱ्हाड व पलीकडचें निमाड हे दोन्ही मुलूख नागपूरच्या एकाच सरकारखालीं होते. त्या वर्षीं राज्यांची पुनर्रचना होऊन वऱ्हाड मुंबई राज्यांत आलें, आणि एका कायद्याखालीं चालणाऱ्या व्यापाराच्या मधून दोन राज्यांच्या दोन विक्रीकरांची रेषा गेली. ही रेषा पुसून सर्व देशाला एकच कर लावावा, या विचारांतून वस्तु व सेवा कर, म्हणजेच सर्वांच्या तोंडीं झालेला जीएसटी, १ जुलै २०१७ रोजीं अमलांत आला. संग्रामपूरच्या किराणा दुकानापर्यंत तो पोहोंचण्यास इतकीं वर्षें कां लागलीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांस सहज मिळालेला नाहीं. मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्या विधिमंडळानें १९३८ सालीं पेट्रोल व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेंकडा ५ कर बसविला, तेव्हां ही तर अबकारी आहे व ती केंद्राचीच, असा आक्षेप दिल्लीहून निघाला. नव्या फेडरल कोर्टापुढें आलेलें हें पहिलेंच प्रकरण होय. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान व बॅ. मुकुंदराव जयकर या तिघा न्यायाधीशांनीं प्रांताच्या बाजूनें मत दिलें. अशा रीतीनें भांडून मिळविलेला अधिकार राज्यांनीं केंद्राशीं वांटून घ्यावा, ही जीएसटीची पहिली अट होती. आणि त्यासाठीं राज्यघटनाच बदलावी लागणार होती.

येथेंच संसदेंतील पेंच उत्पन्न झाला. साधें करविधेयक हें बहुधा धनविधेयक असतें. लोकसभेनें तें मंजूर केलें कीं काम झालें. राज्यसभेनें चौदा दिवसांत सूचना कराव्या, त्या मानणें न मानणें लोकसभेच्या हातीं. घटनादुरुस्तीचें तसें नाहीं. तिला दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकीं दोनतृतीयांश मतें, शिवाय एकूण सभासदांचें बहुमत लागतें. आणि राज्यांच्या अधिकारास स्पर्श होत असेल, तर निदान निम्म्या विधिमंडळांची संमतिही लागते. म्हणजे लोकसभेंत हरलेल्या पक्षासही राज्यसभेंत किंवा राज्यांत बळ असल्यास विधेयक अडवून धरतां येतें.

तें बळ दोन्ही पक्षांनीं वापरलें. २००६ च्या अर्थसंकल्पांत काँग्रेसच्या नेतृत्वाखालील सरकारचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनीं हा कर १ एप्रिल २०१० पासून आणण्याचा संकल्प सांगितला. मार्च २०११ मध्यें प्रणव मुखर्जी यांनीं विधेयक मांडलें. तेव्हां गुजरात व मध्य प्रदेश या भारतीय जनता पक्षाच्या राज्य सरकारांनीं विरोध केला; राज्याचें उत्पन्न बुडेल व स्वायत्तता जाईल, हा त्यांचा मुद्दा. २०१४ सालीं लोकसभा विसर्जित झाली व विधेयकही गेलें. त्याच वर्षीं सत्तापालट झाला आणि डिसेंबरांत अरुण जेटली यांनीं नवें विधेयक आणलें. आतां बाकें बदललीं होतीं. मे २०१५ मध्यें लोकसभेंत मतदानाच्या वेळीं काँग्रेसनें सभात्याग केला. राज्यसभेंत विधेयक निवड समितीकडे गेलें, आणि त्या वर्षाचें पावसाळी अधिवेशन दुसऱ्याच प्रकरणांच्या गोंधळांत वाहून गेलें.

तथापि हा सर्व विरोध पोकळ होता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. राज्याराज्यांतील विक्रीवर शेंकडा १ जादा कर घेण्याची तरतूद विधेयकांत होती. तिच्यामुळें करावर कर चढला असता. ती विरोधकांच्या आग्रहानें गळाली. राज्यांना पांच वर्षें भरपाई “देतां येईल” असें होतें, तेथें “दिलीच पाहिजे” अशा अर्थाचे शब्द आले. कराची कमाल मर्यादा शेंकडा १८ घटनेंतच लिहावी, ही काँग्रेसची मागणी मात्र टिकली नाहीं. दर बदलावयाचा तर दर वेळीं घटना बदलावी लागेल, या उत्तरांत तथ्य होतें. ३ ऑगस्ट २०१६ रोजीं राज्यसभेंत विधेयकाच्या बाजूनें २०३ मतें पडलीं, विरुद्ध एकही नाहीं. अण्णाद्रमुकचे सभासद मात्र बाहेर गेले होते. त्याच महिन्याच्या २९ तारखेस महाराष्ट्राच्या विधिमंडळानेंही संमति दिली.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, दहा वर्षांच्या या वादांत लहान दुकानदार कोठें होता? भाषणांत त्याचें नांव पुष्कळदां येई. पण त्याच्या उलाढालीची मर्यादा किती, त्यानें हिशेब किती वेळां द्यावा, या गोष्टी संसदेंत ठरल्याच नाहींत. त्या केंद्र व राज्यें यांच्या संयुक्त जीएसटी परिषदेवर सोंपविल्या गेल्या. या परिषदेंत केंद्राच्या मताचें वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचें मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयास तीनचतुर्थांश वजन लागतें. म्हणजे केंद्राला एकट्यानें कांहीं करतां येत नाहीं, आणि केंद्रावांचूनही कांहीं होत नाहीं. प्रथमच मतदान झालें तें डिसेंबर २०१९ मध्यें, लॉटरीवरील करासाठीं. तोंवर सर्व निर्णय एकमतानें झाले.

आरंभीं महाराष्ट्रांत २० लाखांवर वार्षिक उलाढाल असलेल्यास नोंदणी सक्तीची होती, आणि मूळ योजनेप्रमाणें महिन्यास तीन विवरणपत्रें द्यावयाचीं होतीं. ज्या दुकानांत मालक हाच कारकून, त्यास हें ओझें जड होतें. तक्रारी वाढल्यावर ऑक्टोबर २०१७ मध्यें परिषदेनें दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्यास विक्रीचें विवरणपत्र तिमाहीस देण्याची सवलत दिली. १ एप्रिल २०१९ पासून वस्तूंच्या व्यापाऱ्यास नोंदणीची मर्यादा ४० लाख, आणि आपसमेळ योजनेची दीड कोट झाली. या योजनेंत व्यापारी उलाढालीवर शेंकडा १ भरून मोकळा होतो. वर्षाला साठ लाखांची करपात्र विक्री असेल, तर साठ हजार रुपये भरावयाचे. मात्र हा कर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा घेतां येत नाहीं, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाहीं.

संग्रामपूरच्या दृष्टीनें एक गांठ मात्र सुटावयाची राहिली आहे. डोंगरापलीकडच्या गिऱ्हाइकास माल पाठविणाऱ्या दुकानदाराला, उलाढाल कितीही थोडी असली तरी, सर्वसाधारणपणें नोंदणी करावीच लागते, आणि आपसमेळ योजनाही त्याला बंद आहे. मोठ्या व्यापाऱ्यापुरती रेषा पुष्कळ पुसली गेली. लहानापुरती ती अद्याप उमटलेलीच आहे.

यावरून सुशिक्षित नागरिकानें एवढें ध्यानांत घ्यावें. करविधेयकावर सभागृहांत कडाक्याचें भांडण होतें, तेव्हां कोण मोठ्यानें बोलला हें न पाहतां, बाकें बदलल्यावर तो काय बोलला हें पाहावें. आणि विधेयक मंजूर झालें म्हणजे लक्ष काढून घेऊं नये. लहान माणसाच्या नफ्यातोट्याचे आंकडे बहुधा त्यानंतरच, वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर येणाऱ्या बैठकींत ठरत असतात.