निवृत्तीची पुंजी आणि सोन्याचा मोह

दिल्लीच्या करोल बागेत बँक स्ट्रीटवर सराफी पेढ्यांची रांगच लागलेली आहे. जवळच्या बीडनपुऱ्यात लहानलहान खोल्यांतून कारागीर दागिने घडवीत असतात. त्यांत बंगालमधून आलेल्यांचा भरणा मोठा आहे. राजधानीत नोकरी करून निवृत्त झालेल्या मराठी गृहस्थाला हाती रक्कम येताच या रस्त्याची आठवण व्हावी, यात नवल नाही. सोने नडीला उपयोगी पडते, ही आपली श्रद्धा खोटी नव्हे. तथापि तरुणपणीची चूक पुढच्या पगारातून भरून निघते. निवृत्तीनंतर पुढचा पगार नसतो. म्हणून पेढीची पायरी चढण्यापूर्वी आपण काही गोष्टींचा विचार अवश्य करावा.

पहिली चूक म्हणजे दागिन्यालाच बचत समजणे. समजा, आपण १ लाख रुपयांच्या सोन्याचा दागिना घेतला आणि घडणावळ १२ टक्के पडली. एकूण किमतीवर ३ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर आपण १,१५,३६० रुपये मोजले. उद्या मोडावयास गेलात, तर मोल सोन्याचेच मिळेल. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई व्यावसायिक देशभर पसरले आहेत. जुने दागिने मुशीत वितळवून शुद्ध सोने वेगळे काढणे हा त्यांचा व्यवसाय. त्या मुशीला नक्षी कळत नाही. घडणावळ तेथे शून्य होते. दागिना हौसेने जरूर घ्यावा, पण तो हौसेच्या खात्यात मांडावा.

दुसरी चूक कस आणि वजन न पाहण्याची. वर्तमानपत्रातील भाव पुष्कळदा २४ कॅरटचा असतो. २२ कॅरटच्या १० ग्रॅम दागिन्यात शुद्ध सोने सुमारे ९.१६ ग्रॅमच असते. पावतीवर खडे व लाख वगळून निव्वळ वजन लिहून घ्यावे. हॉलमार्क २३ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्यात मानक ब्यूरोचे चिन्ह, कसाचा आकडा आणि सहा अक्षरांकांचा ओळख क्रमांक असतो. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर पडताळता येतो.

तिसरी चूक, भाव चढतच राहील असे मानण्याची. जानेवारी १९८० मध्ये लंडनला सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेले. १९९९ मध्ये ते २६० डॉलरच्याही खाली होते. चांदी त्याहून चंचल. जानेवारी १९८० मध्ये ती सुमारे ५० डॉलर होती, आणि मार्चअखेर ११ डॉलरच्या आसपास आली. आपल्याकडेही २०१२ मध्ये १० ग्रॅमला ३० हजार रुपयांवर गेलेले सोने २०१५ मध्ये सुमारे २५ हजारांपर्यंत उतरले. पुढे भाव पुन्हा चढले, हे खरे. पण ज्याला २०१५ मध्येच औषधपाण्यासाठी सोने मोडावे लागले, त्याला त्या चढाचा काय उपयोग? म्हणून खरेदी एकरकमी न करता वर्ष-दोन वर्षांत थोडीथोडी करावी.

चौथी आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे सारी पुंजी धातूत गुंतविणे. तिजोरीतील सोने दरमहा वाणसामान आणीत नाही. आधी घरखर्चाची तरतूद करावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेव ठेवता येते व दर तिमाहीस व्याज मिळते. आजारपणासाठी वेगळी रक्कम बँकेत असावी. त्यानंतर उरलेल्यातून सोने घ्यावे. ते एकूण पुंजीच्या दशांशाहून अधिक नसणे बरे. नाण्याऐवजी गोल्ड ईटीएफ घेतल्यास घडणावळ लागत नाही व चोरीचे भयही राहत नाही. नाणी घ्यावयाची झाल्यास ध्यानात असावे की, बँका आपण विकलेली नाणी परत घेत नाहीत.

लॉकरमध्ये ठेवले म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी वा कर्मचाऱ्यांची लबाडी यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतीच आहे. लॉकरवर वारसाचे नाव नोंदवावे आणि पावत्या कोठे आहेत हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे.

सोने हा उतारवयाचा सोबती आहे, पोशिंदा नव्हे. हा भेद ध्यानी ठेवून व्यवहार केला, तर अडीनडीला ते खात्रीने उपयोगी पडेल आणि रोजच्या भाकरीसाठी ते मोडण्याची पाळी आपणांवर येणार नाही.