पासवर्ड मागतोय? देऊ नका. परवानगी द्या!

ट्रेनिंगच्या जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "मॅडम, बिलिंगचं ॲप म्हणतंय गुगल अकाउंट जोडा. खाली 'अलाऊ' बटण आहे. दाबू का?" गंमत अशी, की हाच माणूस इन्स्टाग्रामचा पासवर्ड पोस्ट बनवणाऱ्या मुलाला व्हॉट्सॲपवर बिनधास्त पाठवून मोकळा झालेला असतो. म्हणजे भीती आहे, पण चुकीच्या ठिकाणी. म्हणून आज जरा नीट समजून घेऊ.

दुकानाचा हिशोब घ्या. सकाळी शटर उघडायला पोऱ्याकडे शटरची चावी देता. गल्ल्याची चावी देता का? नाही ना! पासवर्ड म्हणजे शटर, गल्ला, कपाट, सगळ्याची एकच चावी. ती दिली की समोरचा मेल वाचू शकतो, पाठवू शकतो, पासवर्ड बदलून तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो. आणि तुमच्या जीमेलवर काय काय येतं ते आठवा: बँकेचे मेल, जीएसटीचे मेल, पुरवठादाराची बिलं, आणि बाकीच्या सगळ्या अकाउंटचे 'पासवर्ड विसरलात का' वाले मेल.

पूर्वी वेबसाइट्स सर्रास असंच करायच्या. 'तुमचे मित्र शोधून देतो, ईमेलचा पासवर्ड टाका' असं लिहिलेलं असायचं आणि लोक टाकायचेही. फ्लिकर, गुगल, याहू यांनी यावर आपापले मार्ग काढले होते, पण प्रत्येकाचा वेगळा. ॲप बनवणाऱ्याने किती पद्धती शिकायच्या? २००६ च्या शेवटी ट्विटरचे ब्लेन कुक आणि काही मंडळींनी सगळ्यांना वापरता येईल अशी एकच खुली पद्धत लिहायला घेतली. तिचं नाव ओऑथ. पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली, आणि आज जी सगळीकडे चालते ती ओऑथ २.० ऑक्टोबर २०१२ मध्ये. खुली म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. आपल्या भाषेत, प्रत्येक कंपनीचा वेगळा चार्जर नको, सगळ्यांची पिन एक.

पण नुसती चांगली पद्धत आली म्हणून लोक वापरत नाहीत. मोठ्यांनी जुना दरवाजा बंद केला तेव्हाच ती रुजली. ट्विटरने ऑगस्ट २०१० मध्ये बाहेरच्या ॲप्सना पासवर्ड वापरून आत येणं बंद केलं. गुगलने ३० मे २०२२ पासून साध्या जीमेल खात्यांसाठी तेच केलं. तुमच्यापैकी काहींचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर तेव्हापासून मेल पाठवत नाहीये, बरोबर? पासवर्ड बरोबर टाकूनही 'चुकीचा' म्हणतं? त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, "गुगलने साइन-इन करायची सोय आहे का?" तो सोळा अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' काढायला सांगेल. चालतं, पण तोही पासवर्डच आहे, तसाच जपा.

आता 'अलाऊ' दाबल्यावर काय होतं ते बघा. ॲप तुम्हाला गुगलच्या पानावर पाठवतं. पासवर्ड तुम्ही गुगलला देता, ॲपला नाही. मग गुगल विचारतं, "या ॲपला अमुक अमुक हवंय, देऊ का?" तुम्ही हो म्हटलं की गुगल ॲपला एक टोकन देतं. टोकन म्हणजे मर्यादित कामाची पावती. त्या पावतीवर लिहिलंय तेवढंच काम ॲपला करता येतं. आणि ही पावती तुम्ही कधीही रद्द करू शकता, पासवर्ड न बदलता.

सगळी मेख त्या 'अमुक अमुक' मध्ये आहे. नाव, ईमेल आणि फोटो मागतोय? ते फक्त लॉगिनसाठी, फारशी काळजी नाही. ड्राइव्हच्या बाबतीत मात्र दोन ओळी नीट वाचा. 'या ॲपसोबत वापरता त्याच फाइल्स' हे ठीक आहे. 'ड्राइव्हमधल्या सर्व फाइल्स पाहणे, बदलणे, डिलीट करणे' हे बिल छापणाऱ्या ॲपला कशाला हवं? तसंच 'मेल वाचणे, पाठवणे, डिलीट करणे'. कामाशी मेळ बसत नसेल तर सरळ कॅन्सल करा. दुसरं ॲप मिळेल.

आणि हो, पान खरं गुगलचं असलं म्हणजे मागणारा खरा असतोच असं नाही. मे २०१७ मध्ये एका भामट्याने स्वतःच्या ॲपचं नावच 'गुगल डॉक्स' ठेवलं. ओळखीच्या माणसाकडून मेल यायचा, लोक 'अलाऊ' दाबायचे, आणि ते ॲप त्यांच्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना तोच मेल पाठवायचं. गुगलने तासाभरात बंद पाडलं, पण पासवर्ड एकाचाही चोरावा लागला नव्हता! म्हणून स्वतःहून जोडायला गेला असाल तरच 'अलाऊ'. आलेल्या लिंकवर नाही.

आता लगेच एक काम करा. गुगल अकाउंटमध्ये सिक्युरिटी उघडा, तिथे बाहेरच्या ॲप्स आणि सेवांशी असलेली कनेक्शन्स दिसतील. दोन वर्षांपूर्वी एकदाच वापरलेलं लोगो बनवायचं ॲप तिथे अजून बसलेलं सापडेल. फोनमधून ॲप काढलं तरी परवानगी जात नाही, ती इथूनच काढावी लागते. आधी घेऊन गेलेला डेटा मात्र परत येत नाही, तो पुसायला त्या कंपनीलाच सांगावं लागतं.

इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्यालाही पासवर्ड नको. मेटा बिझनेस सूटमध्ये त्याच्या स्वतःच्या लॉगिनला तेवढ्याच कामाची परवानगी देता येते. काम सुटलं की नाव काढायचं, भांडण नाही आणि पासवर्ड बदलायची धावपळही नाही.

कर्जाच्या वेळी हे सगळ्यात महत्त्वाचं ठरतं. स्टेटमेंट हवं म्हणून नेटबँकिंगचा युजरनेम-पासवर्ड मागणारे एजंट अजून भेटतात. आपल्याकडे त्यासाठी अकाउंट ॲग्रिगेटर ही व्यवस्था आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम २०१६ चे, प्रत्यक्ष सुरुवात सप्टेंबर २०२१ मध्ये. ही ओऑथच आहे असं नाही, पण विचार तोच: चावी नाही, परवानगी. कोणत्या खात्याची माहिती, किती महिन्यांची, कशासाठी, किती वेळा आणि कधीपर्यंत, हे सगळं संमतीत लिहिलेलं असतं. मधला ॲग्रिगेटर फक्त पोहोचवतो, त्याला तुमचं स्टेटमेंट उघडून वाचता येत नाही. संमती देताना मुदतीची ओळ बघाच. कर्ज मंजुरीसाठी एकदा स्टेटमेंट पुरतं तिथे वर्षभर दर महिन्याला बघायची परवानगी मागितली असेल, तर आधी कारण विचारा. चालू कर्जावर लक्ष ठेवायला काही बँका तशी मागतात, पण ते त्यांनी सांगायला हवं. आणि एजंट म्हणाला, "ते ॲग्रिगेटर वगैरे किचकट आहे, पासवर्डच द्या, लगेच होईल," तर त्याच्याकडून कर्ज घेऊ नका. थेट बँकेच्या शाखेत जा.