पऱ्हाटी लवकर कां कुजत नाहीं?

वरवट बकालच्या काळ्या जमिनींत कपाशीचें एकच झाड मऊ रुईही देतें व टणक पऱ्हाटीही. रुईचा तंतु बहुतांशीं निव्वळ सेल्युलोजचा. पऱ्हाटींत मात्र त्याच्या जोडीस लिग्निन असतें. पेशीची वाढ पुरी होत आली म्हणजे झाड फेनिलअ‍ॅलानिन नांवाच्या द्रव्यापासून लिग्निनचे घटक करून पेशीभित्तिकेंत सोडतें. तेथें विकरांच्या योगें ते एकमेकांस जखडले जातात. कुडाच्या काड्यांवर मातीचा गिलावा बसावा तसे. त्यामुळें खोड ताठ राहतें व पाणी शेंड्यापर्यंत चढतें. हा गिलावा फोडणें मुख्यतः कांहीं बुरशींसच साधतें. बैलाच्या पोटास तें साधत नाहीं. आम्हीं एकदां अख्खी पऱ्हाटी उकिरड्यांत पुरली, ती वर्षानें बहुतेक तशीच निघाली! बांधावर पेटविणें हा उपाय नव्हे. बारीक तुकडे करून शेणकाला घालावा व ओल राखावी, म्हणजे बुरशीस आंत शिरण्यास वाट मिळते.