सातबारा, नकाशा आणि डेटाबेस

हडपसरमधल्या शेतजमिनीची माहिती दोन ठिकाणी असते. मालक, क्षेत्र, पीक, बोजा हे सातबाऱ्यावर, महसूल खात्याकडे. हद्दी भूमी अभिलेख विभागाच्या नकाशावर. सातबारा डेटाबेसच्या टेबलात सहज बसतो. हद्दी मात्र शेपफाइलमध्ये, जिओपॅकेजमध्ये किंवा दुसऱ्याच सर्व्हरवर असतात. मुठा उजव्या कालव्यापासून ५० मीटरच्या आत कोणाचे हिस्से येतात, हे विचारायचे तर सातबारा, हद्दी आणि ओपनस्ट्रीटमॅपवरची कालव्याची रेघ अशा तिन्ही गोष्टी एकाच क्वेरीत याव्या लागतात.

बाहेरची माहिती जागेवरच ठेवून टेबलासारखी वाचण्याची तरतूद एसक्यूएलच्या २००३ च्या मानकात आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून अशी ‘फॉरेन टेबल’ करता येतात. भूमितीची फंक्शन्स पोस्टजीआयएस पुरवते. पॉल रॅम्झी यांचे ‘ओजीआर एफडीडब्ल्यू’ हे एक्स्टेन्शन जीडॅल लायब्ररीच्या आधाराने चालते, त्यामुळे जीडॅलला कळणारे बहुतेक व्हेक्टर प्रकार त्यातून वाचता येतात. सर्व्हरच्या व्याख्येत फाइलचा पत्ता आणि प्रकार द्यायचा, ‘इंपोर्ट फॉरेन स्कीमा’ चालवायचे, की टेबल तयार. स्रोत मात्र पारखून घ्यावा: डब्ल्यूएमएस सेवा नकाशाचे नुसते चित्र देते, हद्दींचे बिंदू हवे असतील तर डब्ल्यूएफएस लागते.

खरा वेळ जातो तो जुळणीत. तोच हिस्सा एकीकडे ‘१२/३अ’ असतो, दुसरीकडे इंग्रजी अंक-अक्षरांत, तिसरीकडे मध्ये डॅश घालून. डेटाबेस चूक दाखवत नाही. ओळी गुपचूप गळतात. म्हणून आधी ‘लेफ्ट जॉइन’ करून न जुळलेले हिस्से काढावेत. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला १० बाइटच मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, त्यामुळे ‘गटक्रमांक’ हे नाव तिसऱ्या चिन्हावरच तुटते. सातबाऱ्यावर आता यूएलपिन, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, छापतात; तो नकाशाच्या थरातही असेल, तर जुळणीसाठी त्याच्याइतका भरवशाचा कॉलम नाही.

पुढचा प्रश्न अंतराचा. ओपनस्ट्रीटमॅपचे बिंदू अंशांत असतात. हडपसरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, अक्षांशाचा सुमारे ११० चा. अशा मापात ५० मीटर मोजता येत नाहीत. हद्दी आणि कालवा हे दोन्ही थर यूटीएम ४३ उत्तर या पट्ट्यात, म्हणजे ३२६४३ या संकेतांकावर, आणून अंतर मोजावे.

फॉरेन टेबलाला स्वतःचा इंडेक्स नसतो. प्रत्येक क्वेरी मूळ स्रोतापर्यंत जाते. चौकोनी व्याप्तीची अट एक्स्टेन्शन स्रोताकडे पोचवू शकते, अंतराची अट मात्र डेटाबेसलाच तपासावी लागते. म्हणून रोज लागणाऱ्या थराचा मटेरियलाइज्ड व्ह्यू करून त्यावर जिस्ट इंडेक्स घालावा आणि ठरलेल्या वेळी तो व्ह्यू ताजा करावा.

शेवटचा प्रश्न हद्दींच्या अचूकतेचा. जुने नकाशे ३३ फुटी साखळीच्या मोजणीतून झालेले आहेत. त्यांवरून उतरवलेल्या हद्दींचे क्षेत्र सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडून पाहणे आवश्यक आहे. फरक पडणारे आणि अगदी ५० मीटरच्या रेषेवर येणारे हिस्से वेगळे काढून त्यांची प्रत्यक्ष मोजणी मागवावी लागते.