जांघेतील सूज
जांघेतील सूज : उदराचा खालचा भाग व मांडी यांमधील घडीत निर्माण होणारा फुगवटा वा गाठ. हा स्वतंत्र रोग नसून निरनिराळ्या विकारांचे लक्षण आहे. अंतर्गळ आणि लसीका ग्रंथींची वृद्धी ही त्याची दोन प्रमुख कारणे होत.

अंतर्गळ : उदराच्या भित्तीतील दुर्बल जागेतून आतड्याचा किंवा वपेचा भाग बाहेर येतो. गर्भावस्थेत वृषण वंक्षण नालातून वृषणकोशात उतरतात. हा मार्ग पुढे पूर्ण मिटला नाही, तर त्यातून अंतर्गळ होतो. म्हणून तो पुरुषांत व मुलग्यांत अधिक आढळतो. जुनाट खोकला, मलावरोध, मूत्रत्यागास करावा लागणारा जोर व जड ओझी उचलणे यांमुळे उदरातील दाब वाढतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांसारख्या उद्योगनगरांतील अंगमेहनतीच्या कामगारांच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अशी सूज खोकताना फुगते व आडवे झाल्यास बहुधा आत जाते. ऊरू अंतर्गळ स्त्रियांत तुलनेने जास्त आढळतो व त्यात आतडे अडकण्याचा धोका अधिक असतो.

लसीका ग्रंथी : पाय, नितंब, गुदद्वाराचा खालचा भाग व बाह्य जननेंद्रिये यांची लसीका जांघेतील ग्रंथींत येते. त्यामुळे पायाच्या जखमेतील जंतुसंसर्गानेही तेथे दुखरी गाठ येते. तिला ‘अवधाण’ म्हणतात. उल्हास नदीच्या जुलै २००५ व जुलै २०१९ मधील पुरांसारख्या प्रसंगी दूषित पाण्यातून चालणाऱ्यांच्या पायांच्या चिरा व जखमा अशा संसर्गास वाट देतात. उपदंशात ग्रंथी बहुधा वेदनारहित, तर मृदू व्रणात दुखऱ्या असतात. हत्तीरोग, क्षय, लसीकार्बुद व कर्करोगाचा प्रसार ही इतर कारणे होत. वृषणाची लसीका मात्र उदरातील ग्रंथींकडे जाते. म्हणून जांघेत गाठ नसणे हा वृषणाच्या कर्करोगाविरुद्धचा पुरावा नव्हे.

प्लेगमध्ये पिसू पुष्कळदा पायाला चावत असल्याने जांघेत अत्यंत दुखरी गाठ येते. मुंबईत मांडवी भागात १८९६ मध्ये या रोगाची साथ सुरू झाली. बीड जिल्ह्यातील मामला येथे १९९४ मध्ये ग्रंथिक प्लेगचे संशयित रुग्ण आढळले (⟶ प्लेग).

इतर कारणे : अवतरण न झालेले वृषण, नीलेचा किंवा रोहिणीचा विस्फार आणि वृषणरज्जूभोवती साचलेला द्रव यांमुळेही सूज येते. पाठीच्या मणक्याच्या क्षयातील पू कटिस्नायूच्या आवरणातून खाली उतरून जांघेत गळू दिसू शकते. रोहिणीविस्फाराची गाठ नाडीबरोबर स्पंदन पावते. निदान होण्यापूर्वी कोणत्याही गाठीस छेद देणे म्हणूनच घातक ठरू शकते.

निदान व उपचार : रुग्णास उभे करून व आडवे निजवून तपासतात, पाय व जननेंद्रियेही पाहतात. सोनोग्राफी, रक्तपरीक्षा व आवश्यक तेथे ग्रंथीच्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करतात. अंतर्गळावर शस्त्रक्रिया हाच कायमचा उपचार असून तीत बहुधा कृत्रिम जाळी बसवितात. पट्ट्याने तो बरा होत नाही. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके देतात. काही आठवडे टिकणारी, टणक वा वाढती गाठ तज्ञास दाखवावी.

आत जाणारा अंतर्गळ एकाएकी अडकून कठीण व दुखरा झाला, उलट्या होऊ लागल्या आणि शौच व वायू बंद झाले, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याचा संभव असतो. अशा वेळी तो चोळणे वा बळाने आत ढकलणे टाळावे. काही तासांत आतडे मृत होऊ शकत असल्याने रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.